गाडीपुढच्या चपला

उस्तादांना जॅक या वस्तूचा जेवढा राग होता, तेवढा राग मी भावकीतल्या माणसांनाही एकमेकांचा करताना पाहिलेला नाही. त्यांच्या वॉशिंग सेंटरवर तीन जॅक होते. तिन्ही तेलपाणी केलेले, पुसलेले, फळीवर ओळीने मांडलेले. पण वापरायची वेळ आली की उस्ताद जॅक हातात घ्यायचे आणि आधी त्याला समज द्यायचे.

"तू फक्त उचल. धरून ठेवायचं काम तुह्यं नाही. समजलं काय?"

जॅक काही बोलायचा नाही. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "याच्या भरवशावर जो गाडीखाली गेला, तो माणूस बह्याड."

चिखलीहून खामगावकडे निघालं की उंद्रीच्या अलीकडे, डाव्या हाताला त्यांचं सेंटर होतं. पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, गाडी चढवायचा सिमेंटचा रॅम्प, एक निंबाचं झाड आणि त्याखाली एक लोखंडी खुर्ची. पाटीवर नुसतंच 'वॉशिंग' लिहिलेलं. नाव का घातलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायचे, "गाडी धुवायची हाय का नाव वाचायचं हाय?" गाव त्यांचं रोहिणखेड. बायको वारलेली, मुलगी तिथेच दिलेली. वय साठीच्या घरात, अंगाने काडी, दाढीला मेंदी आणि पायात टायरच्या तळव्याच्या जाड चपला. सगळा तालुका त्यांना उस्ताद म्हणायचा, त्यामुळे मीही म्हणायचे.

लोक गाडी वरून चकाचक करून घ्यायला यायचे आणि उस्ताद सुरुवात खालून करायचे. गिऱ्हाईक रामराम घालेपर्यंत हे जमिनीवर आडवे होऊन गाडीचं पोट बघत असायचे. "वरून तर पाऊस बी धुतो, त्याले मी कशाले पाह्यजे?" असा त्यांचा सवाल. पोटाला लागलेली माती बघून गाडी कुठे कुठे फिरली ते सांगायचे. एकदा एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. उस्ताद गाडीखालूनच ओरडले, "भाऊ, तुम्ही डोंगराकडे गेलते काय? लाल मुरूम हाय समदा." गृहस्थ घरी खामगावच्या बाजाराला गेलो म्हणून सांगून मित्राच्या मळ्यात पत्ते कुटत बसले होते. त्यानंतर त्यांची गाडी आमच्याकडे कधी आली नाही. उस्तादांना मात्र अजूनही कळलेलं नाही की आपलं चुकलं कुठे. माती तर बरोबर ओळखली होती!

दुसरं वेड डिझेलचं. आपल्याकडे गाडी धुतली की खालून डिझेलचा फवारा मारून घ्यायची पद्धत आहे, पोट कसं काळंभोर चमकतं. उस्तादांपुढे ही मागणी केली की संपलं. "डिझेल रबर खाते. चार दिवस चमकते, मंग ब्रेकचा पाइप फुगते. तुमची गाडी, तुमचा जीव. पण माह्या हातानं नाही." एवढं बोलून ते गिऱ्हाइकाला पुढच्या सेंटरचा रस्ता दाखवायचे, आणि तोही अगदी व्यवस्थित, खाणाखुणांसकट.

मी त्यांच्याकडे कशी आले ते सांगते. लग्नाआधी मी आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला होता. वर्गात मी एकटी मुलगी. सर्टिफिकेट मिळालं आणि लगेच लग्न झालं, मग ते लोखंडी पेटीत साड्यांखाली जाऊन बसलं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी ते बाहेर काढलं आणि चिखलीतली सगळी गॅरेजं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न. बाईमाणूस गाडीखाली कसं जाईल? जसं काही गाडीखाली जायला मिशी लागते! काहींनी काउंटरवर बसायला सांगितलं. मला काउंटरवर बसायचं नव्हतं. मला गाडीखाली जायचं होतं, हात काळे करायचे होते, आणि ते काम मला येतं हे चारचौघांत दिसायला हवं होतं. माझी सगळी हाव तेवढीच होती.

उस्तादांनी सर्टिफिकेट उघडूनसुद्धा पाहिलं नाही. विचारलं, "जॅकवर भरवसा हाय तुहा?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग कधीपासून येतं?"

मला वाटलं, भेटला बाई एकदाचा देवमाणूस. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा जुना शर्ट अंगात घालून, केस घट्ट बांधून हजर झाले. उस्तादांनी मला निंबाखालच्या त्या लोखंडी खुर्चीवर बसवलं आणि आपल्या चपला काढून माझ्यासमोर, गाडीच्या पुढच्या चाकाजवळ ठेवल्या.

"याईच्याकडे पाह्यत राह्य," म्हणाले आणि गाडीखाली गेले.

ही त्यांची रीत होती. जो गाडीखाली जाईल त्याने चपला काढून गाडीपुढे ठेवायच्या. चपला बाहेर दिसतात म्हणजे माणूस आत आहे. आणि त्या चपलांपाशी दुसऱ्या एका माणसाने बसायचं. बसायचं म्हणजे नुसतं बसायचं. फोन बघायचा नाही, चहा आणायला जायचं नाही, गिऱ्हाइकाशी गप्पा नाहीत. हातात एक पाना द्यायचे. आतला माणूस थोड्या थोड्या वेळाने लोखंडावर दोन ठोके मारणार, बाहेरच्याने दोन ठोके मारून उत्तर द्यायचं. ठोके आले नाहीत तर ओरडायचं.

रॅम्पवरची गाडी असो की ठोकळ्यांवर चढवलेली, ही रीत चुकायची नाही. गाडी उचलायचीच झाली तर जॅकने उचलून खाली रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे सागवानी ठोकळे लावायचे, चाकांना दगड द्यायचे, मग तीनदा खांद्याने गाडीला धक्का मारून बघायचे. डुलली तर पुन्हा पहिल्यापासून. चावी स्वतःच्या कुर्त्याच्या खिशात. सायलेन्सरवर पाण्याचा थेंब टाकायचा. चुर्र वाजलं तर उस्ताद गाडीकडे पाठ करून चहा पीत बसायचे, गिऱ्हाईक कितीही नाचो. ब्रश लांब दांड्याचा. "हात नाही, दांडा आत गेला पाह्यजे," हे तर मी दिवसातून दहा वेळा ऐकायचे.

एवढी काळजी घेणाऱ्या माणसामागे काहीतरी दुःख असणार असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. कुणी म्हणे त्यांचा भाऊ गाडीखाली गेला, कुणी म्हणे मित्र. मी एकदा धीर करून विचारलंच.

"उस्ताद, काय झालं होतं?"

"कायले काय झालं होतं?"

"म्हणजे, हे ठोकळे, चपला... काही झालं असंल ना पहिले."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच खजील व्हायला झालं. "काही नाही झालं. म्हणूनच करून राह्यलो ना बाप्पा! झाल्यावर करून काय फायदा?"

आठवडा गेला, महिना गेला, दिवाळी आली आणि गेली. मी चपला राखतच होते. मला वरून गाडी धुवायला मिळायची, चाकं खोलायला मिळायची, पण पोटाखाली उस्ताद स्वतः जायचे. घरी सासूबाई जेवताना विचारायच्या, "काय केलं व माय आज?" मी काही बोलायच्या आत त्याच उत्तर द्यायच्या, "चपला राखल्या असंल. देवळाबाहेर बसली असती तं पुण्य तरी भेटलं असतं." नवरा मान खाली घालून हसायचा. मला हसू यायचं नाही. शिकलेली डिझेल मेकॅनिक मी आणि दिवसभर एका म्हाताऱ्याच्या टायरच्या चपलांकडे टक लावून बसते, हे आठवलं की मी ताटावरून अर्धवट उठायचे. सव्वा वर्ष हे चाललं. वरून मी गप्प होते, पण मनात उस्तादांशी रोज भांडत होते. तुम्हीही त्या गॅरेजवाल्यांसारखेच, फक्त बोलून दाखवत नाही, असं मी त्यांना मनातल्या मनात कितीदा तरी सुनावलं.

आणि मग ती नारंगी गाडी आली.

पावसाळा संपत आला होता, सोयाबीन काढणीला आलं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला रस्त्यावरून घरघर आवाज करत, भाकरीसारखी चपटी, दोनच माणसं बसतील अशी ती स्पोर्ट्स कार आमच्या दारात येऊन थांबली. आत पुण्याचा एक तरुण आणि त्याची आई. आईचं माहेर बीबी गावचं. तिथला साखरपुडा आटोपून मायलेक उंद्रीच्या मावशीला भेटायला आले होते. फोनवरच्या नकाशाने त्यांना जवळचा रस्ता म्हणून शेतातल्या पांदणीत घातलं. मग काय, आमची काळी माती. ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली होती. रात्रभर मावशीच्या दारात उभी राहून गाडीखालचा चिखल वाळून दगड झाला होता. ब्रेक ओरडत होते, करपल्याचा वास येत होता आणि त्या मुलाला त्याच दिवशी पुण्याला निघायचं होतं.

"काका, पटकन प्रेशर मारून द्या ना खालून," तो म्हणाला.

उस्ताद जमिनीला गाल टेकवून आडवे झाले होते. तिथूनच म्हणाले, "ही गाडी हाय का पलंगाखालची पेटी?"

बोलले असं, पण मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. रॅम्पवर चढवायला गेलं असतं तर गाडीचं नाक घासलं असतं. म्हणजे उचलायची जॅकने आणि ठेवायची ठोकळ्यांवर. पण जॅक लावायचा कुठे? पोटाखाली सगळीकडे पातळ आवरण, भलतीकडे लावला तर चिरडणार. मी गाडीच्या खणातलं माहितीपुस्तक काढलं, चित्र शोधलं आणि चार जागा दाखवल्या. उस्तादांनी त्या बोटाने चाचपून पाहिल्या आणि "हाव" म्हणाले. त्यांच्या तोंडून शाबासकी म्हणून एवढंच निघायचं.

ते पुस्तक चाळताना मला आणखी एक गोष्ट दिसली. मी म्हटलं, "उस्ताद, या गाडीत चावी फिरवायचं कामच नाही. बटन हाय. चावी जवळ असली की बटन दाबून चालू होते."

त्यांनी कुर्त्याचा खिसा थोपटला. "चावी माह्यापाशी हाय ना?"

"पण दुसरी—"

"पोरी, तू चपलीपाशी बस."

मी तोंड मिटलं. दुसरी चावी असते, ती कुठे आहे ते विचारा, एवढंच वाक्य बाकी होतं. पण माझं तोंड असं फुगलं होतं की म्हटलं, जाऊ दे, आपण चपला राखणारी बाई. शहाणपण त्यांचं त्यांना लखलाभ.

आधी सायलेन्सर थंड होऊ दिला. मग झारीने हळूहळू पाणी शिंपडत दोन तास माती भिजवली, ओली गोणपाटं लावून ठेवली. प्रेशरचं पाणी उस्तादांनी काढलंच नाही. वायरींच्या जोडांत आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसलं की गाडी पुण्यापर्यंतही जात नाही, असं त्यांनी त्या मुलाला समजावलं. ठोकळे लागले, दगड लागले, तीन धक्के मारून झाले. चपला चाकापुढे ठेवून, लांब दांड्याचा ब्रश घेऊन उस्ताद पाठीवर सरकत त्या चिंचोळ्या जागेत शिरले. काडीसारखं अंग, म्हणून जमलं.

ऊन मी म्हणत होतं. मुलाच्या आईला बसायला जागा नव्हती म्हणून मी माझी खुर्ची त्यांना दिली आणि पालथ्या बादलीवर बसले. ठोके येत होते, मी उत्तर देत होते. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "पोरी, मला कसंतरी होतंय गं. डोळ्यापुढे अंधारी येतेय." चेहरा पांढरा पडला होता. मुलगा लांब फोनवर बोलत होता. माठ शेडमध्ये, वीसेक पावलांवर. मी चपलांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि उठले.

तांब्या माठात बुडवला तेवढ्यात मागे गाडी गरजली.

कशी धावले ते मला आठवत नाही. मुलाने पळत येऊन आईला उचलून गाडीत बसवलं होतं आणि एसी लावायला बटन दाबलं होतं. दुसरी चावी आईच्या पर्समध्ये होती. "बंद करा! खाली माणूस हाय!" मी किंचाळले. त्याने घाबरून लगेच बंद केली. सगळा प्रकार काही क्षणांचा. गाडी ठोकळ्यांवर तशीच होती, केसभरही हलली नव्हती. पण खालून काही आवाज नव्हता.

"उस्ताद!"

काही नाही. मी पाना उचलून लोखंडावर दोन ठोके मारले. थांबले. पुन्हा मारले. त्यांच्या चपला माझ्या गुडघ्याला लागत होत्या. मी आयुष्यात देवाकडे फार मागितलेलं नाही, पण तेव्हा मागितलं. मी पुन्हा कधी गाडीखाली जायचं नाव काढणार नाही, फक्त ठोके येऊ देत.

आले. हळूच, एकामागून एक, दोन.

उस्ताद सरकत सरकत बाहेर आले. हातात ब्रशचा अर्धा दांडा होता. गाडीसोबत आतला पंखा सुरू झाला आणि त्याने ब्रश ओढून घेऊन मोडला होता. दांडा आत होता, हात बाहेर होता. दहाच्या दहा बोटं शाबूत. ते जमिनीवरच बसून राहिले. मुलगा हात जोडून, रडवेला होऊन माफी मागत होता. आतून सगळं ऐकलेल्या उस्तादांनी पहिला प्रश्न मला विचारला.

"त्या बाईले पाणी भेटलं काय?"

मी पुन्हा तांब्या भरून आणला. बाईंना दिला. त्यांना निंबाखाली टेकवून बसवलं, डोक्यावर ओला रुमाल ठेवला, मग त्या सावरल्या. उस्तादांनी खिशातली चावी काढून तळहातावर ठेवली होती आणि तिच्याकडे बघत होते.

"मले माहीत होतं," मी म्हटलं. "दुसऱ्या चावीचं."

"तू सांगत होती."

"नीट नाही सांगितलं. राग आला होता म्हणून गप बसली. अन मंग उठून बी गेली."

"कायचा राग?"

तोंडातून गेलंच. "सव्वा वर्ष झालं, तुम्ही मले नुसत्या चपला राखायले लावून राह्यले. मी कायले आली होती इथी?"

त्यांना खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. मग म्हणाले, "तुह्या आधी चार माणसं येऊन गेली. गाडीखाली तं चारही जायले तयार होते. बसता एकालेही नाही आलं. दहा मिनिटं झाली की चालले इकडंतिकडं. तू पहिलीच भेटली बसणारी." मोडका दांडा खाली ठेवला. "सव्वा वर्ष मी तुह्या भरवशावर खाली जाऊन राह्यलो, पोरी. मले वाटलं, तुले समजलं असंल."

जॅकवरसुद्धा भरवसा न ठेवणारा माणूस हे बोलत होता. मला एवढी लाज वाटली आणि त्याच वेळी एवढं बरं वाटलं, की काय करावं कळेना. मी बोलले ते भलतंच. "अन आज मी उठली."

"हाव. आज तू उठली, अन मी ऐकलं नाही. दोघाईनं मिळून केलं." त्यांनी हात पुढे धरून पाहिले. मूठ घट्ट मिटत नव्हती. गाडीखालची माती अर्धी निघाली होती आणि उरलेली पुन्हा वाळायच्या बेतात होती. उस्तादांनी हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "माह्यानं आता होत नाही. चपला काढ."

मला आधी समजलंच नाही.

"चपला काढ म्हणतो ना. माती वाळून राह्यली."

मी ओढणी काढून खुर्चीला बांधली. मग मुलाच्या आईकडून पर्समधली चावी मागून घेतली, उस्तादांच्या हातातली घेतली, दोन्ही माझ्या जेवणाच्या डब्यात घातल्या आणि डबा शेडच्या पार मागच्या टोकाला, टाकीपलीकडे नेऊन ठेवला. तेवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून पुस्तकात बघून बॅटरीची तार काढली. उस्ताद सगळं बघत होते. या वेळी त्यांनी एकदाही 'बस' म्हटलं नाही. ठोकळे पुन्हा तपासले. तीन धक्के मी माझ्या खांद्याने मारले.

माझ्या चपला मी कशाही काढून टाकल्या होत्या. साध्या प्लास्टिकच्या, एकीचा पट्टा तारेने बांधलेला. उस्ताद वाकले, त्यांनी त्या आपल्या हाताने उचलल्या आणि चाकापुढे नीट जोडीने ठेवल्या. "उस्ताद, कायले हात लावता!" मी म्हटलं. वडीलधाऱ्या माणसाने माझ्या पायातल्या चपला उचलाव्या, मला अंग चोरल्यासारखं झालं. त्यांनी लक्ष दिलं नाही. स्वतःच्या टायरच्या चपला पायातून काढल्या आणि माझ्या चपलांच्या शेजारी ठेवल्या.

"तू बाहीर येईस्तोवर मी बी कुठी जात नाही," म्हणाले आणि बादलीवर बसले.

मी गाडीखाली गेले. नाकासमोर वीतभर अंतरावर गाडीचं पोट. लाकडी पट्टीने माती सोडवायची, ब्रशने झाडायची, झारीच्या पाण्याने धुवायची, फडक्याने पुसायची. ढेकळं डोळ्यांवर चढवलेल्या कामाच्या चष्म्यावर पडत होती. सोयाबीनची धसकटं निघाली, एका कोपऱ्यातून मुळासकट तुरीचं अख्खं रोपटं निघालं. ते मी बाहेर सरकवलं. उस्तादांनी ते टाकीजवळ लावायला सांगितलं आणि पुण्याच्या त्या मुलाने आपल्या हाताने लावलं. पुढे आठवडाभरात वाळलं ते, पण त्या दिवशी बरं दिसत होतं. मान दुखत होती, कोपरं सोलली होती. मी ठोके मारायचे, बाहेरून लगेच दोन ठोके यायचे. मान वळवली की चपलांचे दोन जोड दिसायचे आणि त्यांच्यामागे उस्तादांच्या भेगाळलेल्या टाचा. त्या टाचा अडीच तास जागच्या हलल्या नाहीत.

बाहेर आले तेव्हा मी नखशिखान्त काळी झाले होते. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्याला सांगितलंही आहे. उस्ताद आडवे झाले, गाल जमिनीला टेकवून त्यांनी गाडीचं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. उठले.

"हाव," म्हणाले.

मुलाने गाडी रस्त्यावर नेऊन, ब्रेक दाबत दाबत सुकवून आणली. आवाज नाही, वास नाही. जाताना त्याच्या आईने माझे काळे हात आपल्या हातात धरले, त्यांच्या चांगल्या साडीला डाग पडला तरी सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी ऑइलपेंटचा डबा आणला आणि शेडच्या भिंतीवर माझ्याकडून दोनच शब्द लिहून घेतले. 'चाव्या किती?' येईल त्या गिऱ्हाइकाला ते हाच प्रश्न विचारायला लागले. एक ट्रॅक्टरवाला वैतागून म्हणाला, "उस्ताद, एकच चावी होती, ते बी हरवली. खिळ्यानं चालू करतो मी." उस्ताद शांतपणे म्हणाले, "मंग खिळे किती?" त्याने निमूटपणे खिशातून दोन आणि सीटखालून एक, असे तीन खिळे काढून दिले.

त्या दिवसापासून आम्ही पाळी लावली. एक गाडी त्यांची, एक माझी. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना रोहिणखेडला घेऊन गेली. सेंटर आता मी चालवते. जाताना त्यांनी ठोकळे मला मोजून दिले आणि तिन्ही जॅकना माझ्यासमोर पुन्हा एकदा दम भरला. निंबाखालच्या खुर्चीवर आता कोण बसतं सांगू? माझ्या सासूबाई. घरी बसून कंटाळतात म्हणून एकदा आल्या, आणि आता तिथून उठत नाहीत. माझ्या चपलांच्या आसपास कुणी फिरकलं तर त्याच्या सात पिढ्या काढतात. "देवळाबाहेर बसल्या असत्या तं पुण्य भेटलं असतं," असं मी त्यांना एकदा म्हणून घेतलं. त्या म्हणाल्या, "गप व माय, काम करू दे."

परवा मी एका शाळेच्या व्हॅनखाली होते. ठोके मारले. बाहेरून उत्तर आलं, पण सासूबाईंचं नव्हे. त्या घाईघाईने टकटक करतात. हे दोन ठोके सावकाश होते, एकामागून एक. मी मान वळवली. माझ्या चपलांशेजारी टायरच्या तळव्याच्या चपलांचा एक जोड ठेवलेला होता, आणि त्यामागे त्याच भेगाळलेल्या टाचा. एसटीने एकटेच आले असणार, कुणाला न सांगता. सासूबाईंना चहाला पाठवून स्वतः खुर्चीवर बसले होते.

मी हाक मारली नाही. त्यांनीही मारली नाही. बोलायला संध्याकाळपर्यंत वेळ होता, आणि व्हॅनची मागची बाजू अजून धुवायची राहिली होती. मी दांडा आत घातला आणि सावकाश काम करत राहिले.